कोकणातल्या बंद घराचा विमा : अडचण नेमकी कुठे येते?

पडवीवाला

नमस्कार. चिपळूण तालुक्यातील आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. जोते आणि दर्शनी भिंत चिऱ्याची, आतल्या भिंती मातीच्या, वर लाकडी माळा आणि मंगलोरी कौले, तर मागे घराला टेकूनच पेंढ्याने शाकारलेला मांगर, म्हणजे खोपी. मे महिना आणि गणपती सोडले तर घराला कुलूप असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी वाडीच्या खालच्या अंगापर्यंत आले होते, आमच्या घरात शिरले नाही. तेव्हापासून विमा उतरवायचे मनात आहे. एका कंपनीने छायाचित्रे पाहून प्रस्ताव परत पाठवला. दुसरीकडचा एजंट मात्र काहीही न विचारता आजच पॉलिसी द्यायला तयार आहे. त्याच्याकडून ती घ्यावी का?

निवृत्त सर्वेक्षक

काहीही न विचारता मिळणाऱ्या पॉलिसीची मला अधिक धास्ती वाटते, कारण जे प्रश्न आज विचारले गेले नाहीत ते नुकसानभरपाईच्या वेळी हमखास विचारले जातात, आणि तेव्हा प्रस्ताव अर्जाखाली सही आपली असते, एजंटाची नव्हे.

घराचे वय हे एकटे कारण सहसा नसते. अग्निविम्याच्या व्यवहारात ‘कच्चे बांधकाम’ कशाला म्हणायचे हे ठरलेले आहे : भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, गवत, पेंढा, बांबू, प्लॅस्टिकचे कापड, ताडपत्री अशा वस्तूंचे असले तर ते कच्चे. कौले या यादीत नाहीत, पण आपला मांगर तिच्यात नेमका बसतो, आणि तो घराला चिकटलेला असल्यामुळे त्याला लागलेली आग माळ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही. पाठवलेल्या छायाचित्रांत पडवीवर निळी ताडपत्री होती का, हेही एकदा पाहावे. गळती थांबवायला आपण ती सहज टाकतो. कार्यालयात बसून छायाचित्र पाहणाऱ्याला ते छप्परच वाटते.

मातीच्या भिंतींचा प्रश्न निराळा. पूर ओसरल्यावर मी अशी घरे पाहिली आहेत, जिथे पाणी असेपर्यंत भिंत उभी होती आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर कंबरेच्या उंचीवर फुगून खाली बसली. अशा वेळी ती पुरामुळे पडली की आधीच वाळवीने आणि ओलीने पोखरली होती, यावर सारा वाद होतो, कारण हळूहळू होणारी झीज विम्यात धरली जात नाही.

आणि कुलूप. अग्निविम्याच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ निर्मनुष्य राहणार असेल तर कंपनीची संमती आधी घ्यावी लागे. चोरीच्या संरक्षणात असे कलम आजही आढळते. बंद घरात कौल सरकले तर पावसाळाभर कोणाला कळत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. शेजारचे कोणी आठवड्यातून एकदा घर उघडत असेल तर ते अर्जासोबत लेखी कळवावे.

सामायिक सातबारा

आमच्या घराबाबत भिंतींपेक्षा कागद आडवे आले. घरपट्टी आजोबांच्या नावाने, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर जे नाव होते ती व्यक्ती हयात नव्हती, आणि हप्ता मात्र मी भरणार होतो. सहहिस्सेदाराचा घरात विमायोग्य हितसंबंध असतो, म्हणजे घराचे नुकसान झाले तर त्यालाही आर्थिक झळ बसते, हे खरे, पण तो दाखवता आला पाहिजे. वारस नोंद करून घेतली, दोन्ही काकांचे संमतीपत्र जोडले, आणि त्यानंतर प्रस्ताव पुढे सरकला. धाकट्या काकांची सही मिळवण्यात एक अख्खा शिमगा गेला, तो भाग सोडा.

पडवीवाला

ताडपत्री होती, अगदी दर्शनी बाजूलाच! आमचीही घरपट्टी आजोबांच्याच नावे आहे. आणखी एक शंका : थोरले काका म्हणतात की घर साठ लाखांचे आहे, म्हणून विमाही तेवढ्याचाच घ्यावा.

निवृत्त सर्वेक्षक

काकांच्या साठ लाखांत जमीन आणि कलमी झाडे धरलेली असणार. घराचा विमा जमिनीचा नव्हे, बांधकामाचा होतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागणारी जी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आहे, तिच्यात घराचे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर असा हिशेब धरतात आणि घरातील सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. पूर, वादळ, भूकंप आणि दरड यांचा तिच्यात समावेश आहे.

मांगर घरापासून सुटा करता आला तर पाहावा. मे महिन्यात कौले परतून झाली की ताडपत्रीशिवाय नवी छायाचित्रे काढावीत : चारही बाजू, माळ्याचे वासे आणि आतल्या भिंतींचा पायथा. ती तारखेसह जपून ठेवावीत आणि त्याच कंपनीकडे पुन्हा अर्ज करताना आधीचा प्रस्ताव परत आला होता हे न लपवता लिहावे.