सक्तीचे ऑनलाइन कोर्स तुम्ही खरंच बघता का? (जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट, मेडिसिन)

वॉर्डातला_पाहुणा:
सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. रिसर्च मेथडॉलॉजी, एथिक्स आणि लाइफ सपोर्ट हे तिन्ही एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२३ च्या पीजी (पदव्युत्तर) नियमावलीप्रमाणे करावेच लागतात. विषयांबद्दल तक्रार नाही, कामाचेच आहेत. पण बघायचे कधी? इमर्जन्सी उतरली की दुसऱ्या दिवशीचा राउंड, तो संपला की डिस्चार्ज कार्डं. परवा ड्यूटी रूममध्ये तीन मोबाइल चार्जिंगला, तिन्हींवर तेच लेक्चर म्यूटवर चालू, आणि तिघंही मालक वॉर्डात! क्विझची उत्तरं ग्रुपवर आयती येतात. बॅचमेट म्हणतात, सर्टिफिकेट आलं की विषय संपला. मला तसं करवत नाही, आणि नीट बघायला बसलो की दहाव्या मिनिटाला डुलकी. तुम्ही कसं जमवलंत?

कृष्णाकाठ_एसआर:
भावा, सगळं ओळीनं बघायचा हट्ट सोड. आमच्या वेळी चेन्नईच्या एनआयईचा (साथरोगशास्त्राची राष्ट्रीय संस्था) रिसर्चचा कोर्स एनपीटीईएलवर (ऑनलाइन कोर्सचं सरकारी पोर्टल) होता. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर मिळायची, पण परीक्षेला केंद्रावर एकट्यानं बसावं लागायचं. तिथं बऱ्याच जणांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

मी थीसिसचा प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) उघडून बसायचो आणि त्यात जिथं अडेल तेवढंच लेक्चर लावायचो. सॅम्पल साइजचंच घे, म्हणजे अभ्यासाला किती पेशंट लागतील ते. सगळे डोळे मिटून ४पीक्यू भागिले डी-स्क्वेअर लिहितात. पी म्हणजे आजाराचं अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, आणि डी म्हणजे किती चूक चालेल ते. प्रमाण २० टक्के धरलं आणि डी ५ टक्के, तर ४ × २० × ८० भागिले २५, म्हणजे २५६ पेशंट. पण डी हा 'पी'च्या २० टक्के असा धरला, तर डी होतो ४ आणि आकडा जातो ४०० वर. हा दीडशे पेशंटचा फरक ओपीडीत तुलाच गोळा करायचाय, गाइडला नाही. एवढं कळल्यावर ते लेक्चर मी झोप न येता दोनदा बघितलं. बाकीची १.७५ स्पीडनं पळव, कुणी फाशी देत नाही.

पीएसएमवाली:
मी शिकवते, त्यामुळे थोडं बोचेल असं लिहिते. रिसर्चचं ठीक आहे, पण एथिक्सला हा हिशेब लावू नका. गळीत हंगामात ऊसतोडीला आलेली बाई तुमच्या वॉर्डात असते. वाचता येत नाही, संमतीपत्रावर अंगठा. साक्षीदार म्हणून कुणाची सही घेता? राउंड संपल्यावर जी मावशी सापडेल तिची! जीसीपीप्रमाणे (माणसांवरच्या संशोधनाची नियमावली) साक्षीदार अभ्यासाशी संबंध नसलेला हवा आणि माहिती सांगताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा. मागून येऊन सही ठोकली तर तो कागद काय कामाचा? हे मॉड्यूलमध्ये असतं, आणि म्यूटवर ते ऐकू येत नाही.

दोष एकट्या मुलांचा नाही, हेही खरं. कॉलेजनं आठवड्यातून दोन तास ड्यूटी चार्टवर लिहून द्यावेत. 'फावल्या वेळात करा' म्हणायला रेसिडेंटला फावला वेळ असतो कुठं?

इंटर्न_मिरजकर:
सर, आमच्या युनिटला एक जेआर आहेत, त्यांचा अर्धा कोर्स मीच केलाय. सर्टिफिकेटवर माझंही नाव घाला म्हटलं 😄 पण लाइफ सपोर्टचं व्हिडिओवर भागत नाही. मिनिटाला छातीवर १०० ते १२० दाब आणि ५ सेंटिमीटर खोली पाठ होती, मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) दोन मिनिटांत हात भरून आले. खोली कमी पडतेय हे मशीननं सांगितल्यावर कळलं.

वॉर्डातला_पाहुणा:
मॅडम, अंगठ्याचं वाचून आमच्या युनिटची फाईल डोळ्यासमोर आली, बघतो उद्या. आणि कृष्णाकाठ, आमच्या प्रोटोकॉलमध्ये डी नुसता '२० टक्के' लिहिलाय. कशाचे २० ते कुठंच नाही. गाइडना विचारू, की आधी ते लेक्चर बघून जाऊ?

कृष्णाकाठ_एसआर:
बघून जा. नाहीतर तेच तुला विचारतील.