कोआर्क्टेशनचं ऑपरेशन झालंय, दोन हातांचं बीपी वेगळं येतंय

कृष्णाकाठ_सांगली

माझी महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) जन्मतः अरुंद होती, यालाच कोआर्क्टेशन म्हणतात. १९९६ साली, चार महिन्यांची असताना मुंबईत ऑपरेशन झालं. डाव्या काखेखालून पाठीपर्यंत व्रण आहे. ‘पोरगी बरी झाली’ असं सांगून घरी सोडलं आणि आम्ही तेच धरून चाललो. दहावीनंतर इकोसुद्धा केला नाही.

बीपी आजवर डाव्या हातालाच बघितलं गेलं, कायम ११०/७०. गेल्या महिन्यात ऑफिसच्या तपासणीत सिस्टरनी पट्टा उजव्या हाताला बांधला, १५६/९४! तीनदा घेतलं, तेच. घरी येऊन दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली. उजवीकडे नाडी ठणठणीत लागते, डावीकडे चाचपत बसावं लागतं. खरा आकडा कोणता? बाळाचा विचार चालू आहे, म्हणून फार धास्ती वाटतेय.

ठाणेकर४२

ताई, खरा उजव्या हाताचा. तान्ह्या बाळांमध्ये डाव्या हाताकडे जाणारी धमनी कापून, तिचीच पट्टी महाधमनी रुंद करायला वापरायचे. मग त्या हाताला आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून रक्त मिळतं आणि तिथलं बीपी कमीच दिसतं. तुमचं तसंच असावं. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधाच.

माझं ऑपरेशन नवव्या वर्षी झालं, अरुंद भाग काढून टोकं जोडली होती. अठ्ठाविसाव्या वर्षी बीपी वाढलं तर सगळे म्हणाले, नोकरीचं टेन्शन. सहा वर्षं नुसत्या गोळ्या बदलल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मला पालथं झोपवून मांडीला पट्टा बांधला. हातात १६४, पायात १२८. पायातलं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्तच हवं. वीसच्या वर कमी भरलं तर जोडाची जागा पुन्हा आवळली असेल, अशी शंका घ्यायची. जांघेतून स्टेंट टाकला, फरक गेला. गोळी मात्र चालूच आहे, कारण वरच्या वाहिन्या मुळातच ताठर असतात. ती सोडू नका असं मी जीव तोडून सांगेन.

सिस्टर_पुणे

बाळाचं ठरवण्याआधी महाधमनीचा एमआरआय किंवा सीटी नक्की करून घ्या. जुन्या जोडाशी फुगवटा आलाय का ते त्यात कळतं, साध्या इकोत ती जागा नीट दिसेलच असं नाही. इकोत झडप बघायला सांगा. तुमच्यासारख्या बऱ्याच जणांची महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. चोवीस तासांचं बीपीही लावा, उजव्या हातालाच. आणि गोळी सुरू झाली तर बाळाचा विचार आहे हे आधी सांगा. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. जन्मजात हृदयदोष असलेल्या मोठ्या माणसांना बघणारे कार्डिऑलॉजिस्ट गाठा.

कृष्णाकाठ_सांगली

दादा, सिस्टर, मनापासून आभार. आईच्या ट्रंकेत, माझ्या लसीच्या कार्डाखाली कागद सापडला. पिवळा पडलाय, पण ‘सबक्लेव्हियन फ्लॅप’ स्पष्ट वाचता येतं, म्हणजे दादांनी सांगितलेली हाताच्या धमनीच्या पट्टीचीच पद्धत. आज फॅमिली डॉक्टरांनी पायाचं बीपी घेतलं: १२२. उजव्या हातात १५४ होतं. बुधवारी पुण्याची अपॉइंटमेंट आहे. फाईलवर लाल पेनानं लिहून ठेवलंय, ‘बीपी उजव्या हातालाच घ्यावे’.