मदत हवी आहे: कोंबड्यांची पिसे झडताहेत, अंडी जवळजवळ बंद

मागीलदार:
नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातली. मागील दारी आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पाच तांबड्या संकरित, गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) असताना आणलेल्या. तीन गावठी, माहेरून आलेल्या. चतुर्थीपर्यंत रोज पाच-सहा अंडी मिळायची. घरात लागतील ती ठेवून बाकीची दिराच्या रस-ऑम्लेटच्या गाड्यावर जायची. दसऱ्यापासून एक, फार तर दोन. परवा एकही नाही. दीर हल्ली बाजारातून पांढऱ्या अंड्यांचा ट्रे आणतो आणि मला ऐकवतो.

सकाळी खुराडे झाडले की सुपभर पिसे निघतात. तीन तांबड्यांच्या माना अगदी सोलून काढल्यासारख्या दिसतात. दोघींची पाठ उघडी पडली आहे. तुरे फिकट झालेत. बाकी खाणेपिणे ठीक, एकही दगावलेली नाही.

खायला उकड्या तांदळाचा भात, पेजेतली शिते, कोंडा, कधी मका. आधी लेयर फीड (अंड्यांवरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) देत होते, पण पोते महागले म्हणून ऑगस्टमध्ये बंद केले. खरे ते सांगून टाकते.

सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारच्या काकांनी कुत्र्याच्या गोचिडांची पावडर चोळायला सांगितली, ती ह्यांनी आणूनही ठेवली आहे. लावू का?

कुळागरी:
ताई, पावडर आधी उंच फळीवर ठेवा. कुत्र्याचे औषध कोंबडीला किती चालते ते आपल्याला ठाऊक नसते, आणि ते अंड्यात उतरले तर तुमच्याच ताटात येणार. औषध लागलेच तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथेच विचारा.

माना उघड्या पडलेल्या तिघी बहुतेक पिसे बदलताहेत. साधारण दीड वर्षाची झाली की कोंबडी पहिल्यांदा सगळी पिसे बदलते, नंतर दरवर्षी. दिवस लहान व्हायला लागला की सुरुवात होते. आधी डोके आणि मान, मग पाठ-छाती, शेवटी पंख आणि शेपूट. दोन-तीन महिने चालते आणि तोवर अंडी बंद. पिसात ८५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनच असते. ते कुठून तरी आणायचे, तर अंड्यातले वाचवते बिचारी. आणि तुम्ही नेमके त्याच वेळी तिला भातावर आणले! भातात प्रथिने अगदी थोडी.

खात्री करायची तर मानेवर बोट फिरवा. शाईच्या कांडीसारखे बारीक काटे लागले तर नवी पिसे येताहेत. त्या दिवसांत उगाच उचलू नका, काटे दुखतात त्यांना.

पाठ उघडी पडलेल्या दोघींचे मात्र वेगळे वाटते. कोंबडा त्यांच्यावरच जास्त चढतो का? आठांत एक कोंबडा ठीक आहे, पण त्याच्या एक-दोन लाडक्या असतात आणि त्यांची पाठ नखांनी सोलते.

तिसऱ्यो:
गावठीतली एखादी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, आहे का तेही पाहा. ती छातीची पिसे स्वतःच उपटते, दिवसभर रवणीवर बसते आणि हात लावला की फुगते. तिची अंडी वेगळ्या कारणाने बंद.

फीड पुन्हा सुरू करा. परवडत नसेल तर बाजारातल्या तारल्या-बांगड्यांची डोकी उकडून द्या. सुके खारे मासे अजिबात नको, मीठ कोंबडीला बाधते. ताजे मासेही रोज नको, अंड्याला हिंवस वास येतो. (एकदा आमच्या पाहुण्यांनी केकला मासळीचा वास येतो म्हणून सांगितले होते. तेव्हापासून ध्यानात आहे.) तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ धुऊन, भाजून, भरड कुटून वेगळ्या वाडग्यात ठेवा. हवे तेवढे कॅल्शियम त्या स्वतः उचलतात.

मागीलदार:
तिघींच्या मानेला काटे लागले! कोंबड्याचेही खरे निघाले, त्याला दोन दिवस वेगळा कोंडलाय, रात्रंदिवस आरवतोय. खुडूक कोणी नाही. पण एक सांगायचे राहिले: संध्याकाळी त्या खुराड्यात जायलाच बघत नाहीत. हाकलून घालाव्या लागतात.

कुळागरी:
मग आज रात्री बॅटरी घेऊन जा. त्या रात्री बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके घासा. तांबडे डाग उमटले तर बारीक लाल किडे आहेत. दिवसा फटीत दडतात, रात्री रक्त पितात. तुरे फिकट पिसे बदलतानाही होतात, म्हणून त्यावरून कळत नाही.

मागीलदार:
काल रात्री दहाला गेले. फडके पाहून अंगावर काटा आला. आमच्या दांड्या बांबूच्या, पेराला चिरा गेलेल्या, आत मिऱ्याच्या पुडीसारखे वळवळत होते. म्हणजे दुखणी तीन आणि मी एकच औषध शोधत होते. आज बांबू जाळले, फळ्यांवर उकळते पाणी ओतले, फटींत चुना भरला. चुना सुकेपर्यंत कोंबड्या पडवीत आहेत. राखेचे घमेले ठेवले आहे, त्यात मजेत लोळताहेत. सासूबाईंना सांगितले, दृष्ट बांबूत होती.

आता दोन गोष्टी सांगा. पाणी पुन्हा कधी ओतू? आणि सकाळी दिवा लावला तर अंडी लवकर सुरू होतील का? दीर विचारतोय.

कुळागरी:
आठ दिवसांनी पुन्हा, मग आणखी एकदा. अंड्यातून नवे किडे तेवढ्यात बाहेर येतात. खुराडे नुसते रिकामे ठेवून ते मरत नाहीत, उपाशी महिनोन्‌महिने तग धरतात. दांडी आता गुळगुळीत लाकडाची बसवा.

दिवा इतक्यात नको. अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो आणि आपल्याकडे आता साडेअकरा तासांचाच दिवस आहे, हे खरे. पण पिसे पुरती येऊ द्या, मग पहाटे लावा. संध्याकाळी लावून एकदम विझवला तर अंधारात दांडी सापडत नाही त्यांना. दिराला म्हणावे, नाताळापर्यंत पांढरीच.

हिरवी विष्ठा, मान वाकडी होणे किंवा पटापट मरणे दिसले तर इथे लिहीत बसू नका, थेट दवाखाना. राणीखेत रोगाची लस कधी दिली होती?

मागीलदार:
तांबड्यांना आणल्या तेव्हा. गावठींना कधीच नाही. सोमवारी विचारून येते.