मदत हवी आहे: उबुंटूवर काहीच इन्स्टॉल होत नाही, अपडेटही अडकलंय

माहीमकर
ऑफिसातल्या उबुंटूच्या (लिनक्स) पीसीवर क्रोम टाकायचं आहे. डाउनलोड केलेल्या फाइलवर डबल क्लिक केलं तर काही होत नाही, टर्मिनलमधून केलं तर लॉक मिळत नाही म्हणतो. सकाळपासून तेच. विंडोजवर नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश केलं की विषय संपतो, इथे एवढं काय आहे? सोमवारी नवीन माणूस त्या मशीनवर बसणार आहे. 'विंडोज टाका' सोडून काहीही सांगा. बाकी मशीन विंडोजची आहेत आणि एक मॅक मिनी. सगळ्यांचे अपडेट एकदम करायची सोय असेल तर तेही सांगा.

रूट_पाहिजे
कोणतं उबुंटू? २२.०४ की २४.०४? एररची पूर्ण ओळ टाका. ओळीच्या शेवटी प्रोसेसचा नंबर आणि कंसात नाव असतं, कामाचं तेवढंच असतं. नेमकं तेच तुम्ही गाळलंय.

सँडी_ठाणे
सोप्पंय. /व्हार/लिब/डीपीकेजी मध्ये लॉक-फ्रंटएंड नावाची फाइल आहे, ती सुडो आरएम (ॲडमिन हक्काने डिलीट) करून उडवा. दोन सेकंदांचं काम.

रूट_पाहिजे
सँडी, हा सल्ला देणं कृपया बंद करा. लॉक म्हणजे ती फाइल नव्हे. फाइल कायम तिथेच असते, कोणीही इन्स्टॉल करत नसलं तरी. चालू असलेली प्रोसेस कर्नेलकडून, म्हणजे ओएसच्या गाभ्याकडून, त्या फाइलवर ताबा घेते आणि प्रोसेस संपली की ताबा आपोआप सुटतो. तुम्ही फाइल उडवली की पहिली प्रोसेस जुन्या फाइलवर ताबा धरून बसलेलीच राहते आणि दुसरं ॲप्ट (पॅकेज आणून टाकणारी कमांड) नवी फाइल बनवून कामाला लागतं. दोघंही एकाच स्टेटस फाइलमध्ये लिहिणार. कोणतं पॅकेज लागलंय आणि कोणतं नाही याचा सगळा हिशेब त्या एका फाइलीत असतो.

सँडी_ठाणे
नेटवर शंभर ठिकाणी हेच लिहिलंय, आणि चालतं.

रूट_पाहिजे
चालतं, कारण बहुतेक वेळा तोवर पहिली प्रोसेस संपलेली असते. म्हणजे उडवायची गरजही नसते.

माहीमकर
वाद नंतर घाला हो. २२.०४ आहे. कंसात 'अनअटेंडेड-अपग्र' असं होतं. मशीन बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं. आता क्रोम टाकायला गेलं की 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असं काहीतरी येतं.

मिंटचा_चहा
यासाठीच लिनक्स मिंट. २०२० सालच्या मिंट २० पासून स्नॅप (उबुंटूची ॲप टाकायची वेगळी पद्धत) मुळातच बंद ठेवलेलं आहे, अपडेट मॅनेजरची खिडकी एकदम स्वच्छ आणि टाइमशिफ्ट आधीपासून असतं. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घ्यायचा, बिघडलं तर मागे जायचं. लॅमिंग्टन रोडवरून साधा ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणा, तासाभरात मिंट लागतं.

रूट_पाहिजे
मिंटच्या मुख्य आवृत्तीत खाली तेच उबुंटू एलटीएस (दीर्घ मुदतीची आवृत्ती), तेच ॲप्ट आणि त्याच्या हाताखाली पॅकेज लावणारं तेच डीपीकेजी आहे. ओएस बदलून हा प्रश्न सुटत नाही.

माहीमकर, अनअटेंडेड-अपग्रेड्स हा उबुंटूचा स्वतःहून सिक्युरिटी अपडेट टाकणारा भाग (नाव पंधरा अक्षरांवर कापलं जातं म्हणून 'अपग्र' दिसलं). त्याची वेळ सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान. तेव्हा मशीन बंद असेल तर ऑफिसात येऊन चालू केल्यावर थोड्याच वेळात तो मागचं काम उरकायला घेतो. त्या वेळी तुम्ही काही टाकायला गेलात की लॉक. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की सुटायला हवं. तुमचं सुटलं नाही, म्हणजे कुठेतरी अडकलं होतं. आणि मध्येच वीज तोडल्यामुळे काही पॅकेजेस अर्धवट राहिली.

आता हे क्रमाने करा. मोबाइलवरून लिहितोय, कमांड देवनागरीत देतो. टर्मिनलमध्ये रोमन लहान अक्षरांत टाका, आधीचे दोन डॅश सोडू नका.

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
मग सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल

पहिली कमांड अर्धवट पॅकेजेस पूर्ण करते, दुसरी तुटलेली अवलंबनं जुळवते. काही एरर आली तर पहिली लाल ओळ टाका, शेवटची नको. शेवटच्या ओळीत नुसतं रडगाणं असतं.

खिडकीवाला
धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न कोणी घेतच नाहीये. विंडोजला आता विनगेट (कमांडने सॉफ्टवेअर टाकणारं साधन) आहे. ११ वर आधीपासूनच असतं, १० वर स्टोअरमधल्या 'ॲप इन्स्टॉलर' बरोबर येतं. टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा, विनगेट अपग्रेड टाका, काय काय जुनं आहे त्याची यादी येते. --ऑल लावलं की सगळं एका दमात. जे हलवायचं नाही, म्हणजे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर वगैरे, ते विनगेट पिन ॲड करून आधी अडकवून ठेवा, नाहीतर मार्चएंडला नवीन आवृत्ती समोर येईल आणि ऑफिसभर बोंब. त्यामुळे 'लिनक्सवरच सगळं एका कमांडमध्ये होतं' हे पुराण आता पुरे.

रूट_पाहिजे
नेक्स्ट-नेक्स्ट करण्यापेक्षा विनगेट कधीही बरं, मान्य. पण ते ॲप्ट नाही. विनगेटच्या कोठारात सॉफ्टवेअर नसतंच. फक्त पत्ता आणि हॅश (फाइल तीच आहे ना हे तपासायचा ठसा) असतो. इन्स्टॉलर येतो त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवरून आणि तोच नेहमीचा इन्स्टॉलर मुकाट्याने चालवला जातो. कंपनीने त्याच पत्त्यावर नवी फाइल ठेवली की 'हॅश जुळत नाही' म्हणून विनगेट थांबतं. उबुंटूच्या कोठारातलं पॅकेज उबुंटूनेच बांधलेलं आणि सही केलेलं असतं, आणि एक लायब्ररी (सामायिक कोड) अपडेट केली की ती वापरणारे सगळे प्रोग्रॅम सुधारतात. विंडोजवर प्रत्येक प्रोग्रॅम आपापली डीएलएल (लायब्ररीची फाइल) पोटात घेऊन फिरतो.

खिडकीवाला
आणि म्हणूनच एक पॅकेज अडकलं तर बाकीचा संसार अडकत नाही. वर बघा, क्रोम लागत नाहीये कारण दुसरंच काहीतरी अर्धवट आहे. विंडोजवर असं सहसा होत नाही.

रूट_पाहिजे
हा मुद्दा बरोबर आहे.

स्वराली_पार्ले
मॅकचं सांगते. सिस्टिमचे अपडेट सेटिंग्जमधून, ॲप स्टोअरची ॲप्स तिथून, आणि डीएमजीमधून (मॅकच्या इन्स्टॉल फाइलमधून) ओढून टाकलेली ॲप्स आपापले अपडेट स्वतः शोधतात. होमब्रू (मॅकवरचं ॲप्टसारखं साधन) वापरलं तर ब्रू अपग्रेड, पण त्यात एक ग्यानबाची मेख आहे: स्वतःहून अपडेट होणारी ॲप्स ब्रू सोडून देतो, --ग्रीडी लावलं तरच घेतो. मॅकओएस सिक्वोयापासून अनोळखी ॲप कंट्रोल-क्लिक करून उघडता येत नाही. एकदा उघडायचा प्रयत्न करायचा, मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन खाली 'ओपन एनीवे'.

ॲप ट्रॅशमध्ये टाकलं तरी लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्ट, कॅशेस आणि प्रेफरन्सेसमध्ये त्याच्या फाइली राहतात, त्या हाताने काढाव्या लागतात. शिवाय शेअरिंगमध्ये कंटेंट कॅशिंग चालू केलं तर अपडेट एकदाच डाउनलोड होतो आणि बाकीच्या मॅकना तिथूनच मिळतो.

सँडी_ठाणे
एकच मॅक आहे हो त्यांच्याकडे. तो स्वतःच स्वतःला वाढणार?

स्वराली_पार्ले
स्टाफचे आयफोन असतात ना. त्यांनाही मिळतो.

माहीमकर
पहिल्या कमांडला 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं. हे काय नवीन? ५१२ जीबीची एसएसडी आहे, अर्ध्याहून जास्त रिकामी!

रूट_पाहिजे
मशीन चालू करताना लॉगिनच्या आधी डिस्कचा वेगळा पासवर्ड विचारतो का?

माहीमकर
हो, तो तर विचारतोच. त्याचा काय संबंध?

रूट_पाहिजे
सगळा संबंध तोच. डिस्क एनक्रिप्ट करून उबुंटू टाकलं की /बूट (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं फोल्डर) वेगळ्या छोट्या पार्टिशनवर जातं, कारण पासवर्ड विचारण्याआधी कर्नेल कुठून तरी वाचता आला पाहिजे. ते पार्टिशन एसएसडीच्या मानाने अगदी लहान असतं. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर तिथे एक कर्नेल आणि एक इनिटआरडी (सुरू होताना कर्नेलला लागणारी) फाइल येऊन बसते, आणि इनिटआरडी एकटीच शंभर एमबीच्या आसपास जाऊ शकते. जुने कर्नेल निघाले नाहीत की भरलं. एसएसडी रिकामी असून उपयोग नाही.

१) डीएफ -एच /बूट: १०० टक्के दिसेल.
२) युनेम -आर: हा सध्या चालू असलेला कर्नेल. याला हात लावायचा नाही.
३) डीपीकेजी -एल, पुढे 'लिनक्स-इमेज-*' अवतरणचिन्हांसकट: लागलेल्या कर्नेलची यादी. डावीकडे 'आयआय' म्हणजे नीट लागलेला, 'आयएफ' किंवा 'आययू' म्हणजे अर्धवट.
४) 'आयआय' असलेल्यांतला सर्वात जुना क्रमांक निवडा, चालू असलेला सोडून. सुडो डीपीकेजी --पर्ज लिहून पुढे त्याच क्रमांकाची लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स आणि लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही तिन्ही नावं एकाच ओळीत द्या. वेगवेगळी दिली तर एकमेकांवर अवलंबून आहेत म्हणून नकार येईल.

इथे ॲप्ट ऑटोरिमूव्ह आधी चालवू नका. ॲप्ट आधी अर्धवट कर्नेल पूर्ण करायला बघतं, त्याला जागा लागते, जागा नाही म्हणून परत तीच एरर. म्हणून थेट डीपीकेजी. जागा झाली की --कॉन्फिगर -ए, मग -एफ इन्स्टॉल, आणि शेवटी सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज. चालू कर्नेल आणि एक राखीव, एवढे राहू द्या.

सँडी_ठाणे
त्यापेक्षा /बूटमधल्या जुन्या फाइली सरळ आरएम...

रूट_पाहिजे
नाही.

सँडी_ठाणे
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मिंटचा_चहा
मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नेल आपोआप काढायची खूण आहे, प्रेफरन्सेस > ऑटोमेशन. सहज सांगितलं.

गिरगावचा_नाना
अवांतर: उबुंटूवर मराठी टायपिंग कसं करायचं? ऑफिसात लागतंच. विंडोजवर सवय झालेली आहे.

खिडकीवाला
माहीमकर, तोवर विंडोजची मशीन बघून घ्या. कोणती आवृत्ती, होम की प्रो, काहीच सांगितलं नाहीत. १० असेल तर मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नुसतं अपडेटचं बटण दाबून भागणार नाही, मुदतवाढीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ११ असेल तर सेटिंग्ज > विंडोज अपडेट > ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स > डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करा आणि 'लोकल नेटवर्कवरची डिव्हाइसेस' निवडा. एका मशीनने उतरवलेला अपडेट बाकीची त्याच्याकडून घेतात. ॲक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात, ऑफिसची वेळ त्यात बसवा. मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत निघतो, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. म्हणजे बुधवारी सकाळी सगळी मशीन एकदम हळू चालली तर वायफायला शिव्या घालू नका.

तिन्ही ओएसना चालणारं एक बटण मात्र नाही. विकत मिळणारी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर्स आहेत, पण एवढ्याशा ऑफिसला ती म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

माहीमकर
झालं. दोन जुने कर्नेल काढले, /बूट ४६ टक्क्यांवर आलं. बाकीच्या कमांड विनाएरर चालल्या. पण क्रोम अजून नाही. सुडो ॲप्ट इन्स्टॉल आणि फाइलचं नाव दिलं तर 'असं पॅकेज सापडत नाही'. फाइल त्याच फोल्डरमध्ये आहे, डोळ्यांना दिसतेय. विंडोज सगळी ११ प्रो आहेत.

रूट_पाहिजे
नावाच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ लावा: ./ आणि लगेच फाइलचं नाव, मध्ये जागा नको. त्याशिवाय ॲप्ट ते नाव कोठारात शोधतं, तुमच्या फोल्डरमध्ये बघतच नाही. क्रोम लागताना स्वतःचं कोठारही यादीत जोडतं, त्यामुळे पुढचे अपडेट नेहमीच्या ॲप्ट अपग्रेडबरोबर येतील. फाइल परत डाउनलोड करायला नको.

माहीमकर
लागलं! आता फायरफॉक्स 'अपडेट बाकी आहे, ॲप बंद करा' म्हणून सारखी नोटीस देतंय. ॲप्ट अपग्रेड तर आत्ताच केलं.

रूट_पाहिजे
२२.०४ वर फायरफॉक्स ॲप्टमधून येत नाही, स्नॅपमधून येतं. स्नॅपचा हिशेब वेगळा. तो दिवसातून चार वेळा स्वतःच तपासतो, पण उघडं ॲप बदलत नाही. फायरफॉक्स पूर्ण बंद करा, सुडो स्नॅप रिफ्रेश फायरफॉक्स चालवा, परत उघडा.

मिंटचा_चहा
मिंटमध्ये फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून येतं. गप्प बसतो.

स्वराली_पार्ले
नाना, आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या. मग सेटिंग्ज > कीबोर्ड > इनपुट सोर्सेसमध्ये अधिकचं चिन्ह दाबून मराठी शोधा. विंडोजवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर तेच घ्या, बोटांना नवीन शिकवावं लागणार नाही. भाषा बदलायला सुपर आणि स्पेस.

गिरगावचा_नाना
सुपर म्हणजे कुठलं बटण?

खिडकीवाला
ज्यावर विंडोजची खिडकी छापलीय ते.