मॅटप्लॉटलिबच्या ग्राफवर मराठी नावं नीट कशी आणायची?

पाऊसनोंद: आमच्या तालुक्यातल्या गावांचा महिनावार पाऊस पायथनमध्ये टाकून मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढायच्या लायब्ररीने हीटमॅप (आकड्यांनुसार रंगवलेला तक्ता) केलाय, शाळांना वाटायचाय म्हणून सगळी नावं मराठीतच हवीयेत. आधी नुसते चौकोन यायचे, मग नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावला तर अक्षरं आली पण मोडकी. 'महिना' मधली पहिली वेलांटी ह च्या आधी यायची ती नंतर येतेय आणि 'सप्टेंबर' मधला प पाय मोडून वेगळाच उभा. मुलांच्या हातात असलं अशुद्ध द्यायला मन होत नाही. काय करू?

रेघोट्या: चौकोन म्हणजे डेजाव्हू सान्स फॉन्ट, मॅटप्लॉटलिबमध्ये तो डिफॉल्ट असतो आणि त्यात देवनागरी नाहीच. फॉन्ट बदलून ते सुटलं. मोडक्या अक्षरांचं कारण वेगळं आहे, जोडाक्षर जुळवणं, वेलांटी अक्षराच्या आधी नेणं हे काम शेपिंग इंजिन नावाचा प्रोग्राम करतो आणि तुमच्याकडे पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) काढताना तो मधे येतच नाही, एकेक अक्षर ओळीने ठेवलं जातं. म्हणून पीएनजी काढूच नका. आरसीपॅराम्समध्ये, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये, एसव्हीजी डॉट फॉन्टटाईप ला 'नन' द्या आणि एसव्हीजी (रेषा-आकारांची चित्रफाईल) सेव्ह करा, मग मजकूर मजकूरच राहतो, आकार बनत नाही, आणि ब्राउझर किंवा इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर तो बरोबर जुळवतं. फक्त फाईल जिथे उघडाल तिथे तो फॉन्ट पाहिजे, म्हणून आपल्याच मशीनवर इंकस्केपमधून पीडीएफ करून मगच पुढे पाठवा.

कोकणकडा: ताई, हीटमॅपला रंग कुठले घेतलेत? जेट ही निळा-पिवळा-लाल रंगपट्टी असेल तर बदला. त्यात मधेच पिवळा पट्टा उठतो आणि पाऊस तिथे एकदम वाढला असं वाटतं, आकड्यात तसं काही नसतं. शाळेत झेरॉक्स मारली की गडद निळा आणि गडद लाल दोन्ही सारखेच काळपट, म्हणजे कोरडं गाव आणि भिजलेलं गाव एकच दिसतं. मॅटलॅब या गणिताच्या सॉफ्टवेअरनेसुद्धा २०१४ मध्ये जेट सोडून पारुला ही रंगपट्टी डिफॉल्ट केली, मॅटप्लॉटलिबमध्ये २.० आवृत्तीपासून डिफॉल्ट विरिडिस आहे, गडद जांभळ्यापासून उजळ पिवळ्यापर्यंत, तोच राहू द्या.

पाऊसनोंद: दादा जेटच होता, मीच मुद्दाम लावलेला उठावदार दिसतो म्हणून! काढला. एसव्हीजी पण करून पाहिलं, 'सप्टेंबर' अगदी छापल्यासारखा आलाय. झेरॉक्स काढून बघितली, जुलैचा रकाना उजळ आणि मे चा काळा, लगेच कळतंय. उद्या प्रती काढते.