मतदान केंद्रावरची दिवाणी अटक: संरक्षण फक्त मतदारालाच का?

स्नेहल_ऑस्टिन:
'रोखठोक' यांनी काल लिहिलं, "मत फक्त नागरिकच देतो. मग केंद्रावर इमिग्रेशनवाले आले तर बिघडलं कुठं? ज्याला भीती वाटते त्याच्यातच खोट आहे." हे वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाई अमेरिकेच्या नागरिक आहेत. मॅक्युलर डिजनरेशनमुळे त्यांना मधलं काही दिसत नाही; उमेदवाराच्या नावाकडे बघितलं की नेमकं नावच गायब होतं. इथल्या मतदान हक्काच्या कायद्याच्या (व्होटिंग राइट्स ॲक्ट) कलम २०८ नुसार अशा मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस नेता येतो. नोकरीतला मालक किंवा युनियनचा माणूस तेवढा चालत नाही. त्या मला नेतात. मी नागरिक नाही, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. टेक्सासमध्ये मदतनिसाला नाव-पत्ता लिहून द्यावा लागतो, शपथ घ्यावी लागते. माझा मुदतवाढीचा अर्ज अडकलाय. नियमानं २४० दिवस काम करता येतं, पण आय-९४ वरची, म्हणजे राहण्याची मुदत दाखवणाऱ्या कागदावरची, तारीख उलटून गेलीय. पार्किंगमध्ये कुणी तो कागद मागितला तर हे सगळं तिथं उभं राहून समजावत बसू?

टेक्सासच्या राज्यघटनेत मतदाराला केंद्रावर आणि जाता-येता अटकेपासून संरक्षण आहे. अपवाद देशद्रोह, गंभीर गुन्हा आणि शांतताभंगाचा. व्हर्जिनियाच्या घटनेत तर थेट दिवाणी अटकेचा, म्हणजे फौजदारी गुन्ह्यासाठी नसलेल्या अटकेचा, उल्लेख आहे. कर्ज थकलं की माणसाला पकडून नेत, त्या काळातली ही तरतूद. इमिग्रेशनची अटकही दिवाणीच असते, आणि त्यांच्या नेहमीच्या वॉरंटवर न्यायाधीशाची नाही, खात्यातल्याच अधिकाऱ्याची सही असते. पण संरक्षण मिळतं मतदाराला. मदतनिसाला काहीच नाही; त्यालाही ते मिळेल असा कायदा हवा. मी गेले नाही तर सासूबाईंनी मत द्यायचं कसं?

रोखठोक:
ताई, कागद खरे असतील तर दाखवा आणि मोकळ्या व्हा. ग्रीन कार्डच्या रांगेत माझी उमेदीची वर्षं गेली, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात जाता आलं नाही. नियम मोडणाऱ्यांसाठी आणखी एक आडोसा उभारा म्हटलं की माझं पित्त खवळतं. निवडणुकीच्या जागी केंद्र सरकारची (फेडरल) सशस्त्र माणसं पाठवणं हा आधीच गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. वेगळा कायदा कशाला? आणि राज्याचा कायदा केंद्र सरकार ऐकेल असं वाटतं तुम्हाला?

स्नेहल_ऑस्टिन:
तो कायदा मतदानाच्या जागेपुरता आहे. परतीच्या रस्त्याचं काय? न्यूयॉर्कनं २०२० मध्ये कोर्टात येणाऱ्यांसाठी कायदा केला: न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय येता-जाता दिवाणी अटक नाही. त्यात पक्षकार-साक्षीदारांबरोबर त्यांच्या घरचेही येतात. केंद्र सरकारनं त्याविरुद्ध दावा लावला, तो फेडरल कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये फेटाळला. मतदान केंद्रासाठी तसंच हवं.

आणि मदतनिसाची अडवणूक ही काही माझ्या मनातली भीती नाही. २०१४ मध्ये इथल्याच विल्यमसन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एका बंगाली आईबरोबर दुभाषा म्हणून आलेल्या मुलाला थांबू दिलं नाही, का तर तो शेजारच्या काउंटीतला मतदार! ती अट कोर्टानं २०१७ मध्ये मोडीत काढली.

बांधावरचा:
अमेरिकेचं पुरे. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) बघा. कोठडीत असलेल्याला मत नाही, गुन्हा शाबित झालेला असो वा नसो. विधानसभेच्या मतदानाआधी बांधाच्या भांडणातून माझ्या चुलतभावाला उचललं. मतदान झाल्यावर जामीन, पुढे निर्दोष सुटका. समोरच्यांची सगळी मतं पडली. आणि शिक्षा होऊन जामिनावर बाहेर असलेला माणूस रुबाबात मत देऊन येतो.

काळा_कोट:
दादा, ती फौजदारी अटक. इथं विषय दिवाणीचा आहे. ६२(५) सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्ये अनुकूल चंद्र प्रधान खटल्यात वैध ठरवलंय. प्रत्येक कैद्यामागे बंदोबस्त आणणार कुठून?

बांधावरचा:
प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या, म्हणजे खबरदारी म्हणून आधीच डांबलेल्या, माणसाला टपालानं मत देता येतं ना? मग कच्च्या कैद्यालाच बंदोबस्त कसा आडवा येतो? जॉर्ज फर्नांडिस १९७७ ला तुरुंगातून मुझफ्फरपूर जिंकले. तुरुंगातून निवडून येता येतं, मत मात्र देता येत नाही! वकील लोकांनी हे निमूट मान्य केलं म्हणून आमच्यासारख्यांना भोगावं लागतं.

काळा_कोट:
वकिलांवर घसरू नका. टपाली मतदानाचा मुद्दा बिनतोड आहे, एवढं कबूल करतो. आणि दिवाणीचंच बोलायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३५ नं पक्षकार, वकील, साक्षीदार यांना कोर्टात येता-जाता दिवाणी अटकेपासून सूट आहे. १३५-अ नं खासदार-आमदारांना अधिवेशनकाळात, शिवाय मागेपुढे ४० दिवस. मतदाराचं नाव या दोन्ही कलमांत नाही.

बांधावरचा:
बघा! निवडून आलेल्याला सूट, निवडून देणाऱ्याला नाही. आणि मलाच विषय सोडून बोलतो म्हणता.

रोखठोक:
चर्चा कुठल्या कुठे गेली. ताई, आंधळ्या माणसाचा मदतनीस हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. न्यायाधीशाच्या वॉरंटची अट घाला, माझी हरकत नाही. पण नागरिक नसताना मत टाकणाऱ्याला तिथंच धरलं पाहिजे.

स्नेहल_ऑस्टिन:
तो फौजदारी गुन्हा आहे, त्याला संरक्षण द्या असं मी कुठं म्हटलं? मी दिवाणी अटकेबद्दल बोलतेय. 'भीती वाटते त्याच्यात खोट' हे वाक्य तेवढं मागं घ्या.

रोखठोक:
तुमच्यापुरतं घेतलं. बाकीच्यांबद्दल नाही.