[घरदुरुस्ती] ३८ किलोचं झुंबर छताला कशावर टांगायचं?

प्रेषक: डायनिंग रूमवाली

नमस्कार मंडळी,

पितळी झुंबर आहे, बारा दिव्यांचं, भारतातून आणलेलं. लोलक, साखळी आणि वरची वाटी धरून वजन ३८ किलो, म्हणजे ८४ पौंड. घर न्यू जर्सीत, १९७६ सालचं कलोनियल. डायनिंग रूमचं छत ८ फुटांवर, ड्रायवॉल अर्ध्या इंचाची. वर बेडरूम असल्यामुळे वरून हात घालायला जागा नाही. जुना दिवा ज्या बॉक्सवर होता तो निळ्या प्लास्टिकचा आहे, एकाच जॉइस्टला (छतातल्या आडव्या लाकडी तुळईला) दोन खिळ्यांनी ठोकलेला. तोच बॉक्स चालेल का? की टॉगल बोल्ट (ड्रायवॉलच्या मागे पंख उघडणारा) लावू? पाकिटावर १०० पौंड लिहिलंय.

---

प्रेषक: टाउनहाउसवाला

चार टॉगल बोल्ट लावले तर ४०० पौंड झाले की! मग काळजी कसली?

---

प्रेषक: सुतारकाका

चार लावा नाहीतर चाळीस, ते सगळे धरून राहणार ड्रायवॉललाच. आणि ड्रायवॉल म्हणजे दोन कागदांमधलं जिप्सम. पाकिटावरचा आकडा बहुतेक वेळा भिंतीसाठी असतो, म्हणजे वजन भिंतीला समांतर खाली खेचतं तेव्हाचा. छताला तेच वजन सरळ खाली, रात्रंदिवस ओढत राहतं. दमटपणाने जिप्सम मऊ पडतं, बोल्टच्या पंखांखाली चुरा होतो, आणि एक दिवस चारही भोकं मिळून एक मोठं भोक होतं. टॉगल बोल्ट छताच्या दिव्याला नको, वजन कितीही असो.

आपल्याकडे स्लॅब ओततानाच पंख्याचा हुक सळईला अडकवून काँक्रीटमध्ये गाडतात. म्हणून छत म्हटलं की आपल्याला ते भक्कमच वाटतं. इथलं छत हा नुसता पडदा. भार घेतं ते लाकूड. तेव्हा कुठलीही वस्तू हातात घेतली की एकच प्रश्न विचारायचा: हिच्यावरचं वजन शेवटी कुठल्या लाकडावर जातंय?

आता नियम. एनईसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या वीजजोडणीच्या नियमसंग्रहाच्या, कलम ३१४.२७ प्रमाणे छतातला दिव्याचा बॉक्स किमान ५० पौंड पेलणारा असावा लागतो. दिवा ५० पौंडांपेक्षा जड असेल तर दोनच मार्ग: बॉक्सच्या आतल्या बाजूला त्याहून मोठा आकडा छापलेला हवा, नाहीतर दिव्याचं वजन बॉक्सला न छेडता स्वतंत्रपणे लाकडावर घ्यायचं. तुमचा निळा बॉक्स यातल्या कशातच बसत नाही. तो काढा.

पंख्याच्या बॉक्सबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. त्यावर दोन आकडे असू शकतात. ७० पौंड पंख्यासाठी, कारण पंखा हलतो आणि थरथरतो. स्थिर दिव्यासाठी वेगळा आकडा, दोन जॉइस्टमध्ये अडकवायच्या बऱ्याच दांड्यांवर (ब्रेसवर) तो १५० असतो. नुसतं 'पंख्याला चालतो' एवढंच लिहिलं असेल तर ८४ पौंडांसाठी तो घेऊ नका.

खालून करायचं तर एक्स्पान्शन ब्रेस. १६ ते २४ इंचांपर्यंत लांब होणारा पोलादी दांडा असतो, दोन्ही टोकांना दातेरी पाय.

आधी जुना बॉक्स. बॉक्स आणि जॉइस्ट यांच्या फटीत ऑसिलेटिंग टूलचं धातू कापणारं पातं किंवा हॅकसॉचं नुसतं पातं घालून दोन्ही खिळे कापा. पकडीने उपटायला गेलात तर ड्रायवॉलचा लचका निघतो आणि पुढे वाटीने झाकला जात नाही. भोक चार इंची गोल हवं.

मग ब्रेस तिरका करून आत सरकवा आणि जॉइस्टला काटकोनात आडवा ठेवा. त्याचे पाय ड्रायवॉलच्या पाठीवर टेकले की उंची आपोआप जमते. हाताने फिरवत दाते दोन्ही जॉइस्टना टेकेपर्यंत लांब करा, मग पान्याने आवळा. दाते लाकडात पूर्ण रुतले की थांबायचं. त्यापुढे जोर लावला तर जॉइस्ट बाजूला ढकलले जातात आणि सांध्याला तडा दिसतो. दांडा पकडून लोंबकळल्यासारखं ओढून बघा, कणभरही फिरता कामा नये. मग खोगीर (दांड्यावर बसून बॉक्स धरणारी पट्टी), बॉक्स आणि त्याचे नट.

तुमच्याकडे अडचण येऊ शकते ती अशी: जुना बॉक्स जॉइस्टला चिकटून होता, म्हणजे भोकही तिथेच. काही ब्रेसचा पाय आणि बॉक्स अशा जागी एकमेकांना आडवे येतात. विकत घेण्याआधी भोकात बोट घालून जॉइस्ट किती जवळ आहे ते मोजा.

न जमल्यास सरळ छत उघडा. मला हाच मार्ग जास्त पटतो. ड्रायवॉल जोडणं हे दिसतं तेवढं मोठं काम नाही. एका जॉइस्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १६ इंच रुंद, फूटभर लांब तुकडा कापा, म्हणजे परत बसवताना दोन्ही कडांना पाऊण इंच लाकूड मिळतं. दोन जॉइस्टच्या मध्ये साडेचौदा इंचांचा टू-बाय-एट (नावाला दोन बाय आठ इंची लाकूड) चपटा बसवा, हाच ब्लॉक. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन स्ट्रक्चरल स्क्रू, तीन इंची, ब्लॉकच्या टोकातून तिरके जॉइस्टमध्ये. शेजारच्या जॉइस्टमुळे ड्रिल वळत नसेल तर धातूचे कोन लावा. ड्रायवॉलचे काळे स्क्रू इथे वापरू नका. ते कडक पण ठिसूळ असतात, आडव्या भाराखाली वाकत नाहीत, थेट तुटतात.

ब्लॉकची उंची आधीच ठरवा. दीड इंच खोल बॉक्स आणि अर्धा इंच ड्रायवॉल, तर ब्लॉकची खालची बाजू जॉइस्टच्या खालच्या कडेपासून एक इंच वर. सव्वादोनच्या जवळचा, म्हणजे २ १/८ इंचाचा बॉक्स असेल तर १ ५/८ इंच वर. इथे चुकलं की बॉक्स एकतर छताबाहेर डोकावतो आणि वाटी टेकत नाही, किंवा आत बुडतो आणि स्क्रू पुरत नाहीत.

---

प्रेषक: वायरवाली ताई

काकांनी लाकडाचं सांगितलं, मी त्याखालचं सांगते. झुंबरं पडतात ती पुष्कळदा बॉक्स शाबूत असताना, मधल्या आट्यांपाशी.

बॉक्सवर आडवी बसते आणि झुंबर धरते त्या पट्टीला लागणारे स्क्रू बघा. साध्या अष्टकोनी बॉक्सचे ८-३२ असतात, पंख्याच्या किंवा जड बॉक्सचे सहसा १०-३२. पहिला आकडा जाडीचा, दुसरा इंचातल्या आट्यांचा. दोन्हींत इंचाला ३२ आटेच, त्यामुळे झुंबराच्या पिशवीतला ८-३२ स्क्रू १०-३२च्या भोकात जातो, थोडा फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण आट्यांच्या फक्त टोकांवर उभा असतो तो. बॉक्सबरोबर आलेलेच स्क्रू वापरा.

पट्टीच्या मध्यातून आट्यांची पोकळ नळी खाली येते, तिच्यावर कडी आणि कडीत साखळी. नळी पट्टीत किमान पाच-सहा आटे गेली पाहिजे आणि वरून-खालून लॉकनटने जखडली पाहिजे. कारण साधं आहे: लोलक पुसताना किंवा बल्ब बदलताना माणूस शिडी हलवण्याऐवजी झुंबर फिरवतो. नेहमी एकाच दिशेने. दर वेळी अर्धा आटा सुटतो, आणि काही वर्षांनी झुंबर जमिनीवर.

साखळी वाढवायची असेल तर जोडतुकड्यावरचा वजनाचा आकडा बघा. ज्या कड्यांची फट नुसती दाबून मिटवलेली असते त्या शोभेच्या. ८४ पौंडांना कड्या वेल्ड करून जोडलेल्या हव्यात. वायर साखळीतून दर दोन-तीन कड्यांनी ओवून घ्या आणि ती सैल ठेवा. ताण पूर्णपणे साखळीवर.

आता हे झुंबर भारतातलं आहे, तेव्हा त्याची वायरिंग तशीच ठेवू नका. होल्डर बहुधा दोन खिट्ट्यांचे, बी-२२. इथले बल्ब त्यात बसत नाहीत. आत एलईडीचा ड्रायव्हर असला आणि तो फक्त २३० व्होल्टचा असला तर १२० वर चालणार नाही. आणि जुनी वायर बारीक असेल तर हा हिशेब बघा: १२ बल्ब, प्रत्येकी ६० वॉट, एकूण ७२०. भारतात हे साधारण ३ अँपिअर ओढतं, इथे ६. वॉट तेवढेच, करंट दुप्पट. म्हणून आतून सगळं नवीन: ई-१२ होल्डर, १८ गेजची वायर, आणि पितळी सांगाड्याला अर्थची वेगळी तार. भारतातल्या झुंबरांवर ती नेहमी असतेच असं नाही, आणि हा सांगाडा म्हणजे हात लागणारा धातू. दिवे दुरुस्त करणारी दुकानं हे काम करतात. यूएलचा (इथल्या सुरक्षा-चाचणी संस्थेचा) छाप नसलेल्या दिव्याला इन्स्पेक्टर हरकत घेऊ शकतो, म्हणून टाउनशिपला आधीच विचारा. बल्ब एलईडीच लावा: पाच वॉटचे बारा म्हणजे ६० वॉट, विषय संपला.

जोडताना: सपाट जोडवायरची गुळगुळीत बाजू काळ्या वायरला, रेघा असलेली पांढऱ्याला. होल्डरचं आट्यांचं कवच न्यूट्रलवरच आलं पाहिजे, नाहीतर बल्ब बदलताना बोट लाइव्ह धातूला लागतं. बारीक तारांची वायर जाड तारेपेक्षा एक सूतभर पुढे ठेवून मग वायरनट (तारा जोडायची फिरकीची टोपी) फिरवा, म्हणजे ती मागे सरकत नाही.

ब्रेकर बंद केल्यावर टेस्टर आधी चालू प्लगवर, मग छतातल्या वायरींवर, मग पुन्हा चालू प्लगवर. १९७६च्या घरात वीज आधी छतात येऊन मग स्विचकडे गेलेली असू शकते. तसं असेल तर स्विचकडे जाणारी पांढरी तार न्यूट्रल नसते, लाइव्ह असते. जुना दिवा सोडण्याआधी जोडण्यांचा फोटो काढा.

शिवाय १९८५च्या आधीच्या बहुतेक घरांत छतातली वायर ६० अंश सेल्सिअसची, आणि आजचे बरेच दिवे ९० अंशांची मागतात. दिव्याच्या लेबलवर ते लिहिलेलं असतं. वायरवरचं कवच कडक होऊन तडकत असेल तर मध्ये जंक्शन बॉक्स घेऊन पुढचा तुकडा बदला, आणि तो जंक्शन बॉक्स भिंतीत गाडू नका, उघडता आला पाहिजे. वायर रुपेरी दिसली, म्हणजे अॅल्युमिनियम, तर तिथेच थांबा आणि लायसन्सवाला बोलवा.

बॉक्समधली जागाही मोजा. १४ गेजच्या दोन केबल येत असतील तर चार वायरी, सगळ्या अर्थ मिळून एक, आतले क्लॅम्प मिळून एक: सहा. प्रत्येकी २ घन इंच, म्हणजे १२. दीड इंची अष्टकोनी बॉक्स १५.५ घन इंचांचा असतो, पुरतो. काही ब्रेसबरोबर अर्धा इंची चपटा बॉक्स येतो, त्यात दोन केबल मावत नाहीत.

---

प्रेषक: डायनिंग रूमवाली

काका, ताई, खूप आभार. भोकापासून जॉइस्ट पाऊण इंचावरच आहे, म्हणजे छत उघडावं लागणार. तीन प्रश्न. छत पॉपकॉर्नचं (खडबडीत दाणेदार लेपाचं) आहे, खरवडलं तर चालेल? झुंबर किती खाली आणायचं? आणि सासूबाई विचारताहेत, तसाच ब्लॉक शेजारी टाकून झोपाळा टांगता येईल का?

---

प्रेषक: सुतारकाका

पॉपकॉर्नला हात लावण्याआधी नमुना लॅबला पाठवा. १९८०च्या आधीच्या पॉपकॉर्नमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडणं आणि तिथे करवत चालवणं, दोन्ही निकाल येईपर्यंत नाही.

उंची: झुंबराचं खालचं टोक टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३६ इंच वर. छत ९६ इंच, टेबल ३०, मध्ये ३३ सोडले तर झुंबर, साखळी आणि वाटीला मिळून ३३ इंच उरतात. सांगाडा २६ इंच उंच असेल तर वरच्या सगळ्याला फक्त ७ इंच. म्हणजे साखळी वाढवायची नाही, कापायची आहे. आणि टेबल पुढे कधी भिंतीकडे सरकवलं तर खालून चालणाऱ्याचं डोकं लागेल, हे आत्ताच लक्षात असू द्या.

झोपाळा: या ब्लॉकवर नाही. वाड्यात कड्या तुळईत असायच्या, आणि तुळईची जाडी आठवा. झुंबर ८४ पौंड धरून गप्प बसतं. झोपाळ्यावर दोन माणसं बसली की ३०० पौंड, आणि झोका खालच्या टोकाला आला की त्याहूनही जास्त, शिवाय बाजूला ओढ. त्याचा भार तीन-चार जॉइस्टवर वाटावा लागतो. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

प्रेषक: टाउनहाउसवाला

टॉगल बोल्ट परत केले. माझ्या वरच्या मजल्यावर ॲटिक आहे, लाकूड ट्रसचं (त्रिकोणांत जोडलेल्या फळ्यांच्या सांगाड्याचं). ब्लॉकसाठी खालची फळी थोडी खाचली तर?

---

प्रेषक: सुतारकाका

ट्रसचं एकही लाकूड कापायचं, खाचायचं किंवा त्यात मोठं भोक पाडायचं नाही. त्यातला प्रत्येक तुकडा मोजून ठेवलेला असतो. ॲटिकमधून जाता येतंय ना, मग दोन ट्रसच्या खालच्या फळ्यांवर टू-बाय-सिक्स उभा आडवा टाका, दोन्ही टोकांना धातूचे कोन लावा आणि त्यातून आयबोल्ट खाली आणा, वर मोठा वॉशर आणि नट. वजन १०० पौंडांच्या पुढे असेल तर ट्रस बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. आय-जॉइस्ट (इंग्रजी I आकाराचे कारखान्यात बनवलेले) असतील तर खालची पट्टी कापू नका. तिथे ब्लॉक कसा बसवायचा ते उत्पादकाच्या कागदावर असतं.

आणि टाउनहाउसमध्ये छताच्या वरचा भाग तुमचा की असोसिएशनचा, तेही बघा.

---

प्रेषक: वायरवाली ताई

टांगायच्या दिवसाचं राहिलंच. सांगाडा आधी, लोलक सगळ्यात शेवटी. तीन माणसं: दोघं सांगाडा उचलून धरायला, एक साखळी अडकवायला. दोन शिड्यांपेक्षा भाड्याने मिळणारी चाकांची छोटी परांची बरी, पण चाकांची कुलपं लावून. आधी टांगा, मग वायर जोडा. वायरनट लावेपर्यंत कोणी हातात धरून उभं राहील हा बेत करू नका.

त्याआधी एक दिवस त्या कडीला वॉटर सॉफ्टनरच्या मिठाच्या ४० पौंडी तीन पिशव्या दोराने बांधून ठेवा. १२० पौंड झाले, म्हणजे झुंबराच्या वजनाच्या साधारण दीडपट. बॉक्सवर छापलेल्या आकड्याच्या पुढे मात्र जाऊ नका. खाली जुनी गादी अंथरा. दुसऱ्या दिवशी ब्लॉकच्या दोन्ही टोकांना आणि बॉक्सच्या कडेला टॉर्च मारून बघा. ही तपासणी छताचा तुकडा परत बसवण्याआधी करायची, नंतर नाही.